लेडुकचा पंप

२००४ सालची गोष्ट. भोसरीच्या एमआयडीसीत मी सर्व्हिस इंजिनिअर होतो. एका ट्रकवरच्या क्रेनचा पंप दुरुस्तीला आला. बाहेरच्या बनावटीचा, पिस्टनचा, मधेच कोपरात वाकवल्यासारखा दिसणारा. हायड्रॉलिक्सवाले त्याला बेंट ॲक्सिस म्हणतात. वरचा काळा थर डिझेलने धुतला तेव्हा खालून नेमप्लेट निघाली. तिच्यावरचं नाव आमच्या शॉपमध्ये सगळ्यांनी 'लेडुक' असं वाचलं आणि तेच रूढ झालं.

पंप सुरेख होता. ज्यांनी हे काम केलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पिस्टन बाहेर काढून परत बोअरमध्ये सोडला की तो स्वतःच्या वजनाने, न अडखळता, पण घाई न करता खाली उतरला पाहिजे. हा तसा उतरत होता. आम्ही सील बदलले, बेअरिंग बदललं, टेस्ट बेंचवर प्रेशर धरतोय का ते पाहिलं आणि पाठवून दिला. त्यानंतर कित्येक दिवस कुठलंही फिटिंग नीट जमलं की आमचा फोरमन म्हणायचा, "लेडुकसारखं बसलं बघा."

लेडुक हे कुणा माणसाचं आडनाव असेल असं तेव्हा मनातही आलं नाही. खरं तर यायला हवं होतं. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे इंजिनावर, पंपावर, नांगरावर माणसाचंच आडनाव असतं.

त्यानंतर दहा वर्षांनी, २०१४ च्या शरद ऋतूत, दुसऱ्या एका कंपनीने मला तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी फ्रान्सला पाठवलं. परतीच्या आधीचा रविवार पॅरिसमध्ये मोकळा मिळाला. बरोबरचे दोघे आयफेल टॉवरला गेले. मी आरईआर बी पकडून ल बुर्जेला गेलो. १९२७ मध्ये लिंडबर्ग अटलांटिक ओलांडून उतरला तो हा विमानतळ. आता तिथे खाजगी विमानं उतरतात, वर्षाआड विमानांची मोठी जत्रा भरते आणि जुन्या इमारतींत हवाई संग्रहालय आहे.

मला विमानांचं वेड वगैरे नाही. पण जुनं यंत्र कुठे उभं असेल तर बघून घ्यावं ही सवय अण्णांनी लावली. अण्णा म्हणजे माझे वडील. लहानपणी जत्रेला गेलो तर ते आम्हाला आधी आकाशपाळण्याचा गिअरबॉक्स दाखवायचे, मग पाळण्यात बसवायचे.

संग्रहालयात एक दालन प्रोटोटाइप विमानांचं आहे. प्रोटोटाइप म्हणजे नमुना: पहिलं, करून बघण्यासाठी केलेलं. तिथली बरीचशी लढाऊ विमानं कधी कुठल्या लढाईत गेली नाहीत. हवाई दलात दाखलच झाली नाहीत. एकेक, दोनदोन बनली, उडाली, आणि मग इथे आली. ग्रिफाँ आहे, त्रिदाँ आहे. आणि त्यांच्यात एक असं विमान आहे की त्याच्यासमोर मी आपोआप थांबलो, कारण ते विमान वाटतच नव्हतं.

दुधाच्या टँकरची टाकी घ्यावी, तिची दोन्ही तोंडं उघडी ठेवावीत, तिला मागे ओढलेले पंख जोडावेत, असं काहीतरी. पुढच्या तोंडातून काचेचं एक टोकदार नाक बाहेर आलेलं. त्या नाकात वैमानिक बसायचा. बसायचा म्हणण्यापेक्षा पाय पुढे पसरून आडवा रेलायचा. त्याच्या भोवतीने, चारी बाजूंनी, हवा त्या टाकीत शिरायची. म्हणजे इंजिन विमानात बसवलेलं नव्हतं. इंजिन हेच विमान होतं, आणि माणूस त्या इंजिनाच्या तोंडात ठेवलेला होता.

पाटीवर नाव होतं: लेदुक ०.२२. रचनाकार रने लेदुक.

ती अक्षरं मी आधी कुठे पाहिली आहेत ते आठवायला थोडा वेळ लागला. आठवलं तेव्हा योगायोग असेल असं वाटलं. फ्रान्समध्ये लेदुक हे काही दुर्मीळ आडनाव नसावं. संग्रहालयातल्या बाकावर बसून मोबाइलवर शोधलं. योगायोग नव्हता. लोरेन प्रांतात अझराय नावाच्या गावात हायड्रॉलिक पंपांचा कारखाना आहे, तो याच माणसाच्या कंपनीतून आलेला. सरकारने विमानाचं काम बंद केल्यावर हा माणूस हायड्रॉलिक्सकडे वळला होता.

त्या बाकावर मी बराच वेळ बसून राहिलो. त्याचं कारण सांगायचं तर आधी अण्णांच्या यंत्राबद्दल सांगावं लागेल. पण क्रमाने जाऊ. आधी लेदुक.

रने लेदुकचा जन्म १८९८ चा. १९२४ पासून तो ब्रेगे या विमान कंपनीत इंजिनिअर होता. तिथे त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. इंजिनाला आपण हवा दाबून देतो, त्यासाठी पंखे, पाती, शाफ्ट असा सगळा पसारा लागतो. पण विमान जर पुरेशा वेगाने जात असेल तर समोरची हवा आपणहून नळीत घुसते. नळीचा आकार नीट ठेवला तर तीच हवा आत मंदावते आणि दाबली जाते. त्यात इंधन पेटवा, तापलेला वायू मागून जोरात बाहेर पडेल आणि विमान पुढे जाईल. एकही फिरतं चाक नाही, एकही पातं नाही. याला रॅमजेट म्हणतात.

माझ्या आजीच्या चुलीजवळ लोखंडी फुंकणी असायची. रॅमजेट म्हणजे दोन्ही टोकांना उघडी अशी एक मोठी फुंकणी, जिच्या आतच चूल पेटवलेली आहे आणि फुंकायला कुणी नाही. फुंकण्याचं काम वेग करतो. यात अडचण कुठे आहे ते लगेच दिसतं. विमान जमिनीवर उभं असेल तर नळीत हवा शिरत नाही. हवा नाही तर जाळ नाही, जाळ नाही तर वेग नाही, आणि वेग नाही म्हणून हवा नाही. वेग आला की हे इंजिन उत्तम चालतं. जितका वेग जास्त तितकं, एका मर्यादेपर्यंत, अधिक चांगलं. पण तो पहिला वेग त्याला दुसऱ्या कुणीतरी द्यावा लागतो.

१९३३ मध्ये लेदुकने पेटंट घेतलं. मग त्याला कळलं की ही कल्पना रने लोराँ नावाच्या फ्रेंच माणसाने १९१३ मध्येच मांडून ठेवली आहे. लेदुकने लोराँला गाठायचा प्रयत्न केला, तर तो नुकताच वारला होता. १९३८ च्या पॅरिस प्रदर्शनात लेदुकचं अर्धवट विमान ठेवलं गेलं तेव्हा त्याने रॅमजेटचा जनक म्हणून लोराँचं नाव दिलं. ही गोष्ट मला फार आवडली. स्वतःच्या पेटंटवरची धूळ बसायच्या आत दुसऱ्याचं नाव पुढे करणारी माणसं कमी असतात. उद्यमनगरात तर एकाने नवीन जिग केला की आठ दिवसांत चार शेडमध्ये 'हा माझाच' म्हणणारे चौघे सापडायचे.

पहिल्या विमानाची, लेदुक ०.१० ची, बांधणी १९३७ मध्ये सुरू झाली. महायुद्ध आलं, फ्रान्स पडला, काम थांबलं. युद्धानंतर पुन्हा हाती घेतलं. विमान तयार झालं, पण ते जमिनीवरून उठणार कसं? त्यावर उपाय असा काढला की लांगदॉक नावाच्या चार इंजिनांच्या प्रवासी विमानाच्या पाठीवर लोखंडी खांब उभारायचे, त्यांच्यावर हे विमान बसवायचं, वर न्यायचं आणि वेग आला की सोडायचं. १९४७ मध्ये आधी इंजिन न पेटवता ते सोडून बघितलं. आणि २१ एप्रिल १९४९ ला झाँ गोनॉर या वैमानिकाने हवेत सुटल्यावर नळीत जाळ पेटवला. बारा मिनिटं ते विमान स्वतःच्या जोरावर उडालं, तेही निम्म्याच ताकदीवर. पेटंटपासून सोळा वर्षांनी बारा मिनिटं.

पुढे या नमुन्यांनी आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पटीपर्यंत मजल मारली. १९५१ आणि १९५२ मध्ये एकेक अपघात झाला. दोन्ही वैमानिक जबर जखमी झाले, पण वाचले. १९५३ मध्ये ०.२१ आलं, त्याच रचनेचं, अधिक मोठं. तेही लांगदॉकच्या पाठीवरूनच जायचं.

आता हे सगळं फ्रान्सचं सरकार का चालवत होतं? हौस म्हणून नाही. युद्धात त्यांचा विमानउद्योग पार मोडला होता आणि तो पुन्हा उभा करायचा होता. वर शीतयुद्ध. अणुबॉम्ब घेऊन फार उंचावरून येणारं सोव्हिएत बॉम्बर कसं अडवायचं हा त्या दशकातला प्रश्न होता. त्यासाठी काही मिनिटांत आभाळात चढणारं छोटं लढाऊ विमान हवं होतं. साधी जेट इंजिनं तेव्हा तितकी दमदार नव्हती. म्हणून एकाच वेळी वेगवेगळे प्रयोग चालले होते. त्रिदाँमध्ये रॉकेट होतं. ग्रिफाँमध्ये साधं जेट आणि त्याच्या भोवती रॅमजेट होतं. लेदुकलाही सांगण्यात आलं की पाठीवरून सोडायचं विमान लढाईत कामाचं नाही. आपल्या पायांनी धावपट्टीवरून उठणारं कर.

तेच हे ०.२२. यात रॅमजेटच्या नळीच्या आत मधोमध आतार जातीचं एक साधं जेट इंजिन बसवलं. ते विमानाला जमिनीवरून उठवेल, वेग देईल, मग रॅमजेट पेटेल. म्हणजे पाठीवर नेणारं विमान आता पोटात घेतलं. पंख मागे वळवले. लक्ष्य होतं आवाजाच्या दुप्पट वेग. २६ डिसेंबर १९५६ ला झाँ सारायने ते पहिल्यांदा उडवलं.

यातली क्रूर गोष्ट तारखांत आहे. त्याआधी एकोणचाळीस दिवस, १७ नोव्हेंबर १९५६ ला, दासोच्या मिराज ३ ने पहिलं उड्डाण केलं होतं. मिराजमध्ये नवल असं काही नव्हतं: त्रिकोणी पंख, एक जेट इंजिन, वैमानिक बसतो तिथे बसलेला. पण तेवढ्या वर्षांत ते साधं जेट इंजिनच इतकं सुधारलं होतं की रॅमजेटचा खटाटोप कशाला, असं विचारायची वेळ आली. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये मिराज ३ ने दुप्पट वेग गाठला. पुढे त्या घराण्याची चौदाशेच्या आसपास विमानं बनली आणि जगभर विकली गेली.

लेदुक ०.२२ त्या वेगाच्या जवळपासही पोचलं नाही. तो जाड पिंप हवेला फार अडवत होता. १४१ उड्डाणं झाली. अल्जीरियात युद्ध चालू होतं, पैसे तिकडे लागत होते, १९५७ मध्ये संरक्षणाच्या नव्या कामांवर कात्री फिरली. १९५८ च्या सुरुवातीला लेदुकचं काम बंद करण्यात आलं. दुसरा नमुना बांधायला घेतला होता, तो पुरा झालाच नाही. लेदुक तेव्हा साठीला आला होता. त्याने विमान सोडलं आणि कंपनी पंपांकडे वळवली. १९६८ मध्ये तो वारला.

आता अण्णांचं.

अण्णांचं शेड कोल्हापूरच्या उद्यमनगरात होतं. दोन लेथ, एक शेपर, एक ड्रिल, वेल्डिंग. शाळा आठवीपर्यंत. फाउंड्र्यांकडून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग हा पोटाचा धंदा. १९९० च्या सुमारास त्यांनी डोक्यात घेतलं की ऊस तोडायचं यंत्र करायचं. मोठं नाही, परदेशी हार्वेस्टरसारखं घराएवढं नाही. साध्या ट्रॅक्टरला जोडता येईल असं, दोन-तीन एकरवाल्याला परवडेल असं.

याची सुरुवात कशातून झाली ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथे होतो. आमच्या मामाच्या शेतात तोडणीला बीडकडची टोळी आली होती. एक बाई कोयता चालवत होती, आणि बांधावर तिचं सहा-सात महिन्यांचं मूल उसाच्या पाचटावर निजवलेलं होतं. जानेवारीची पहाट होती. अण्णा बराच वेळ त्या मुलाकडे बघत होते. घरी येताना स्कूटरवर ते म्हणाले, "हे काम मशिनीचं हाय. माणसाचं न्हवं."

पहिलं यंत्र १९९२ मध्ये झालं. दोन चकत्या एकमेकींच्या उलट फिरणाऱ्या, त्यांच्या कडेला पाती. ट्रॅक्टरच्या पीटीओवरून गिअरबॉक्स. ऊस अगदी बुडख्याशी तोडायचा, कारण साखर बुडख्यात जास्त असते. दोन इंच वर तुटला तर शेतकऱ्याचंही नुकसान आणि खोडवाही नीट फुटत नाही. सरळ उभ्या उसात यंत्र चालायचं. मी स्वतः पाहिलंय. पण आमच्याकडचा ऊस सरळ कुठे असतो? पावसाने, वाऱ्याने, स्वतःच्या वजनाने तो आडवा होतो, एकमेकांत गुंततो. शिवाय सऱ्या तीन-तीन फुटांच्या. ट्रॅक्टरचं चाक एका सरीत, तर यंत्र दुसरीवर चढायचं. चकत्यांत पाचट गुंडाळलं जायचं आणि सगळं ठप्प.

दुसऱ्या यंत्रात त्यांनी पुढे दोन फिरते स्क्रू लावले, आडवा ऊस उचलून धरायला. १९९५ मध्ये तिसरं केलं. ते बऱ्यापैकी चालायचं. एका साखर कारखान्याच्या संचालकांनी येऊन पाहिलं, चहा घेतला, पाच यंत्रांचं बोलले. त्या बोलण्यावर अण्णांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं, दुसरा लेथ गहाण पडला. पुढच्या हंगामात निवडणूक झाली, संचालक मंडळ बदललं. नवीन मंडळाने तोडीचे करार मुकादमांशी आधीच केले होते. पाच यंत्रांची गोष्ट कागदावर कुठेच नव्हती.

त्याही नंतर अण्णा दोन वर्षं थांबले नाहीत. दिवसा मशीनिंग, रात्री यंत्र. आईचे दोन दागिने गेले. मोठ्या बहिणीचं लग्न एक वर्ष पुढे ढकललं.

१९९७ मध्ये मी इंजिनिअर झालो. घरातला पहिला. निकालानंतर पंधरा दिवसांनी, रात्री जेवणं झाल्यावर, मी अण्णांना समोर बसवलं आणि वहीत मांडून दाखवलं: कर्ज किती, व्याज किती, एक यंत्र विकलं तर सुटतात किती, आणि विकत घेणारा कोण. मी बरोबर होतो. आजही ती आकडेमोड काढली तर बरोबरच निघेल. शेवटी मी म्हणालो, "अण्णा, आडव्या उसात हे चालणार नाही. ही रचनाच चुकीची आहे. बंद करा आता."

बंद करा, इतकंच म्हणालो असतो तर चाललं असतं. रचना चुकीची आहे, हे म्हणायची गरज नव्हती. पण माझ्या हातात नवीन डिग्री होती.

अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रात्रीचं काम थांबवलं. वर्षभरात त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसाठी हायड्रॉलिक जॅक करायला घेतले. त्या धंद्याने कर्ज फेडलं, बहिणीचं लग्न केलं, धाकट्याला शेड वाढवून दिलं. तिसरं यंत्र शेडच्या मागे पत्र्याखाली सहा वर्षं उभं होतं. २००३ मध्ये ते भंगारात गेलं. मी तेव्हा पुण्यात होतो. मला भावाने फोनवर सांगितलं, नळ दुरुस्त केल्याचं सांगावं तसं.

पुढे मीही हायड्रॉलिक्सच्याच नोकरीत शिरलो. त्यामागे अण्णांच्या जॅकचाच हात होता.

आता ल बुर्जेच्या त्या बाकावर मी का बसून राहिलो ते सांगायला नको.

त्या रात्री हॉटेलवरून अण्णांना फोन केला. कोल्हापुरात पहाट झालेली असते आणि ते चहा घेऊन ओट्यावर बसलेले असतात, हे धरूनच केला. म्हटलं, आज एक विमान बघितलं. मग नळी, फुंकणी, हवा, जाळ सगळं सांगितलं. अण्णा यंत्राचं वर्णन ऐकताना मधेमधे 'हं' म्हणतात. ते 'हं' थांबले की समजायचं, त्यांना कुठेतरी खटकलंय.

"थांब," ते म्हणाले. "मग त्ये चालू कसं करायचं? उभ्या जाग्याला तर त्यात हवाच शिरणार न्हाई."

साठ-सत्तर वर्षांपूर्वी ज्या प्रश्नावर ते सगळं प्रकरण अडलं होतं, तो त्यांनी दोन मिनिटांत काढला.

"दुसऱ्या विमानाच्या पाठीवर बसवून वर न्यायचे," मी म्हणालो. "चार इंजिनांचं मोठं विमान. वर नेऊन वेग आला की सोडायचे."

अण्णा हसले. खूप दिवसांनी त्यांना असं हसताना ऐकलं. "व्हय की. आणि काय करणार? कुणीतरी पाठीवर घेतल्याबिगर त्ये कसं उठंल?" मग जरा थांबून, "कुणाचं हुतं त्ये मोठं विमान?"

"सरकारचं."

"हं."

ते कारखान्याचं काही बोलले नाहीत. बोललेच नाहीत आजवर.

मग मी पुढचं सांगितलं. मिराज कसं आधी आलं, पैसे कसे आटले, काम कसं बंद पडलं. आणि तो नंतर पंप करायला लागला. भोसरीत मी तो पंप उघडला होता, हेही सांगितलं.

"पंप कसा हुता?"

"एक नंबर."

"असणारच," ते म्हणाले. "इमान करनारा मानूस पंपात काय चुकतोय."

त्यानंतरच्या काळात मी हे प्रकरण बरंच वाचलं. वाचता वाचता स्वतःची समजूत काढायचाही प्रयत्न केला. म्हणजे असं, की रॅमजेट काही वाया गेलं नाही. आपल्या ब्रह्मोस क्षेपणास्त्रात रॅमजेट आहे; आधी घन इंधनाचं रॉकेट त्याला ढकलतं, वेग आला की नळी पेटते. लांगदॉकचं काम ते रॉकेट करतं. ग्रिफाँ उडवणाऱ्या आंद्रे त्युर्काने पुढे १९६९ मध्ये काँकॉर्डचं पहिलं उड्डाण केलं. म्हणजे त्या दालनातल्या यंत्रांवर माणसं तयार झाली. हे सगळं खरं आहे.

पण यातलं काहीही रने लेदुकला १९५८ मध्ये उपयोगाचं नव्हतं. आपण मागून बघतो म्हणून आपल्याला धागे दिसतात. त्याला दिसत होतं ते हँगरमध्ये उभं असलेलं एक पुरं आणि एक अर्धं विमान. ज्यांनी ते बंद केलं ते मूर्खही नव्हते. मिराज खरोखरच अधिक कामाचं होतं. पिंप खरोखरच हवेला अडत होतं. त्यांची आकडेमोड बरोबर होती. त्यांचंही, माझंही.

आणि उसाचं म्हणाल तर आज मोठे हार्वेस्टर आमच्याकडे दिसतात. त्यांच्यासाठी सऱ्या रुंद सोडतात, चार-पाच फुटांच्या. म्हणजे यंत्र उसाप्रमाणे बदललं नाही, शेत यंत्राप्रमाणे बदललं. हे घडवायला कारखाने, अनुदान, बँका असं सगळं मोठं विमान खाली लागतं. ते अण्णांना मिळालं असतं तरी त्यांचं यंत्र चाललं असतंच असं मी म्हणणार नाही. चकत्यांत पाचट गुंडाळलं जायचं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण 'रचना चुकीची आहे' हे वाक्य मी त्यांच्या पदरात टाकलं, ते बावीस वर्षांच्या पोराने एका हंगामाची वही बघून. रचनेत चूक किती आणि पाठ नव्हती हे किती, याचा हिशोब त्या वहीत नव्हता.

त्या दिवशीच्या फोनचं शेवटचं राहिलं. मी फोन ठेवणार होतो, तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "त्याला बंद कर म्हणून कुणी सांगितलं?"

"सरकारने. पैसेच थांबवले."

"तसं न्हवं. घरात कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, पाटीवर घरच्यांचं काही नव्हतं.

"सांगितलं असंल," अण्णा म्हणाले. "सरकार पैसे थांबवतंय. मानूस त्यानं थांबत न्हाई. त्याला घरच्यानीच सांगायला लागतंय." पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. "आनि त्ये सांगनाऱ्याला लई जड जातंय."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. सतरा वर्षं मनात घोळवलेलं वाक्य तयार होतं. पण तेवढ्यात त्यांनी विचारलं की त्या पंपात पिस्टन किती होते. मी म्हणालो, सात. मग कोन किती होता, बोअर केवढा, बॅरलची घासली जाणारी बाजू कशाची केली होती, असं सगळं ते विचारत गेले आणि मी आठवून आठवून सांगत गेलो.